एका खिशात एकच बोअर

भेटल्यावर माणसं हात पुढे करतात. चाचा खिशाकडे पाहायचे. आखातातल्या अल ऐन शहराबाहेर, वाळू सुरू होते तिथे एक शूटिंग क्लब आहे. त्यांच्याबरोबर त्या फाटकातून आत जाणाऱ्या कुणाचीच झडती चुकत नसे. बिनबाह्यांच्या जॅकेटचे चार खिसे, पँटचे दोन. बोटं आत घालून ते अस्तर चाचपायचे आणि मगच "यल्ला", म्हणजे चला, म्हणायचे. पहिल्या शनिवारी मी नुसता बघायला गेलो होतो. तसं सांगितलंही.

"बघणाऱ्यालाही खिसा असतो," ते म्हणाले आणि माझ्या शर्टाच्या खिशातून पेन आणि पार्किंगची पावती काढून माझ्या हातावर ठेवली.

नियम एका ओळीचा होता: एका खिशात एकच बोअर. बंदुकीच्या नळीचं माप बोअरमध्ये सांगतात आणि आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. बारा बोअर जाड, वीस तिच्याहून बारीक, अठ्ठावीस आणखी बारीक. बारीक बोअरचं काडतूस चुकून त्याहून जाड नळीत पडलं तर ते घसरून आत जातं आणि अडकून बसतं. मागून पाहणाऱ्याला नळी रिकामी दिसते. तो समजतो, आपण काडतूस घातलंच नाही. तो दुसरं घालतो आणि चाप ओढतो. असं झालेली एक नळी क्लबच्या काउंटरमागे फळीवर ठेवली होती. तिचं तोंड केळीच्या सालीसारखं सोललं होतं. ती धरणाऱ्याचं पुढे काय झालं हे तिथे कुणी सांगत नसे.

हा नियम चाचांनी क्लबपुरता ठेवला नव्हता. मुसाफ्फाच्या औद्योगिक भागात एअर कंडिशनिंगचं सामान विकणारी आमची कंपनी होती. चाचा तिथे खरेदी विभागाचे प्रमुख, मी पत्रकं आणि जाहिराती लिहायचो. त्यांच्या पाकिटात दिरहम आणि रुपये एकत्र कधी नसत. सुट्टीवर गावी जाताना रुपये डाव्या खिशात, दिरहम उजव्या. मीटिंगमध्ये कुणी दोन विषय एकत्र काढले की ते फाइल मिटायचे. एकदा केरळच्या एका सेल्समनने कोटेशन आणि तक्रार एकाच ईमेलमध्ये पाठवली. चाचांनी ती परत पाठवून वर दोन शब्द लिहिले: 'दोन बोअर.' त्या बिचाऱ्याने महिनाभर ऑफिसात विचारलं, याचा अर्थ काय.

ऑफिसात ते मराठी, हिंदी आणि अरबी बोलायचे, घरी चाचींशी कोकणी. गाव दापोलीच्या बाजूचं, खाडीकाठचं. मोहम्मद बिन झायद सिटीत आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते दोन मजले वर. शनिवारी पहाटे गाडी मी चालवायचो, कारण आयुष्याची तीस-बत्तीस वर्षं या देशात काढूनही त्यांच्याकडे गाडीचं लायसन्स नव्हतं. टेस्ट किती वेळा दिली हे ते सांगत नसत. चाची सांगायच्या. शेवटच्या खेपेला परीक्षकाने म्हणे त्यांना गाडीतून उतरवून स्वतः गाडी मागे नेली होती.

"हात माझे कुणाचं ऐकत नाहीत असं नाही," चाचा खुलासा करायचे. "दोन हात दोन कामं करतात. पाय मध्ये आले की बिघडतं."

हातांचं ते खोटं नव्हतं. त्यांची सगळी कवायत हातांची होती. ज्या बंदुकीसाठी आम्ही अल ऐनला जायचो ती पंपाची बंदूक होती: एकच नळी, अठ्ठावीस बोअरची, अमेरिकेत बनलेली, चाचांच्या जन्माआधीची. नळीखाली एक लाकडी मूठ असते. बार उडाला की डाव्या हाताने ती मूठ मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलायची, नवं आत जातं. हे सगळं दस्ता खांद्यावरून न हलवता आणि नजर न काढता करायचं. क्लबमध्ये भाड्याने मिळणाऱ्या बाकीच्या बंदुका एक तर दोन नळ्यांच्या असत, नाहीतर आपोआप भरणाऱ्या. त्यांना डाव्या हाताकडून आधारापलीकडे काही नको असतं.

पंपाच्या बंदुकीत चूक एकच होते आणि ती सगळ्यांकडून होते. घाई झाली की हात मूठ पूर्ण मागे नेत नाही, अर्ध्यावरूनच परततो. रिकामं काडतूस तोंडात अडकतं, बंदूक मुकी होते आणि दुसरी थाळी शांतपणे पुढे जाऊन वाळूत पडते. या थाळ्या डांबर आणि चुनखडीच्या असतात, यंत्र त्या जोडीजोडीने हवेत फेकतं. क्लबमधले लोक त्यांना 'क्ले' म्हणत. चाचा खापरी म्हणायचे.

पूर्ण मागे, पूर्ण पुढे. हा सराव ते कुठेही करायचे. गाडीत माझ्या शेजारी मिटलेली छत्री घेऊन बसायचे आणि स्वैहानच्या रस्त्याने जाताना तिच्यावर डावा हात मागे-पुढे चालत राहायचा. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतले लोक वळून बघायचे. ऑफिसात नकाशे ठेवायच्या पुठ्ठ्याच्या नळीवर. घरी लाटण्यावर. चाची म्हणायच्या, "चपात्या लाटायला घेतलं की हे मागनं येतात नि सांगतात, पूर्ण मागे ओढ. चपातीला काय चाप असतो?"

त्यांचा मुलगा दुबईत अल बर्शाला राहतो. इथेच जन्मला, इथेच शिकला. वडील मराठीत विचारत, तो इंग्रजीत उत्तर देई. "अब्बा, इट्स ट्वेंटी-ट्वेंटी-समथिंग. जस्ट रेंट अ बेटर गन," एवढं त्याचं या विषयावरचं मत होतं. चाचांनी त्याला एकदा बरोबर नेलं, खिसे तपासले, आणि त्याने फोनवरची नजर काढली नाही म्हणून परत गाडीत बसवलं.

आता त्यांच्या नेमाबद्दल खरं ते सांगायला हवं. चाचा काही मोठे नेमबाज नव्हते. बऱ्यापैकी होते. अठ्ठावीस बोअरच्या काडतुसात छर्रे थोडे, त्यामुळे नेम किंचित हुकला तरी खापरी साबूत राहते. बारा बोअरवाले त्याच मैदानात त्यांच्यापेक्षा चांगला खेळ करायचे. दुबईहून आलेला जाहिरात कंपनीतला एक तरुण एकदा हसत म्हणाला, "अंकल, ऑटोमॅटिक ले लो. हाथ को भी रिटायर होने दो." चाचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या जॅकेटकडे, आणि विचारलं, "जेब देखूँ?" खिशात दोन मापांची काडतुसं निघाली. एक बारा, एक वीस. चाचांनी त्याला खांद्याला धरून काउंटरपाशी नेलं आणि फळीवरची ती सोललेली नळी दाखवली. तो तरुण परत येऊन बसला तो दिवसभर बसूनच राहिला.

नियमाचा दुसरा भाग हाच होता. ज्याने तो मोडला त्याने त्या दिवशी बंदूक हातात घ्यायची नाही. यात अरबाबही सुटले नव्हते.

अरबाब म्हणजे मालक. आखातात कामगार कंपनीच्या स्थानिक मालकाला तसं म्हणतात. आमचे अरबाब अल ऐनचे, वयाने चाचांहून बरेच मोठे, तरुणपणी होडीने मुंबईला येऊन-जाऊन असलेले, आणि त्यामुळे चाचांपेक्षा जास्त मुंबईची हिंदी बोलणारे. ती बंदूक कागदोपत्री त्यांची होती. तेल शोधायला आलेल्या एका अमेरिकन इंजिनियरने मायदेशी परतताना ती त्यांना दिली होती. परवाना अरबाबांचा, बंदूक क्लबच्या तिजोरीखोलीत, आणि परवानाधारक समोर असेल तरच ती बाहेर निघणार. म्हणून दर शनिवारी अरबाब यायचे, सही करायचे आणि घडीच्या खुर्चीवर बसायचे. त्यांच्या खांद्याने रजा घेतली होती. अंगात मात्र शिकारीचं जुनं जॅकेट असायचं आणि त्याच्या खिशात अठ्ठावीस बोअरची लाल काडतुसं. एकेक काढून ते चाचांच्या हातावर ठेवायचे. चाचा झाडायचे. एका काडतुसाला अरबाबांचा एक शब्द, बहुतेक वेळा शिवी. काडतुसं मागवायला महिने लागायचे, म्हणून ही वाटणी.

एका शनिवारी कुणा मित्राने दिलेलं वीस बोअरचं पिवळं काडतूस अरबाबांच्या खिशात निघालं. पगारावर ज्यांची सही होते त्या माणसाला चाचा म्हणाले, "आज आप गिनती से बाहर. बंदूक को हाथ नहीं लगाना."

"मैं तो लगाता ही नहीं," अरबाब म्हणाले.

"आज देखेंगे भी नहीं."

अरबाबांनी खुर्ची उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून गावा, म्हणजे अरबी कॉफी, पीत सकाळ काढली. पुढच्या शनिवारपासून ते विमानतळावर उभे राहतात तसे दोन्ही हात वर करून चाचांसमोर उभे राहायला लागले.

चाचांना एका बंदुकीत इतका जीव कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. वाळूचे डोंगर संपून खजुराची झाडं दिसायला लागली होती. छत्रीवरचा हात थांबला.

त्यांच्या वडिलांकडे गावी रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. वडील गेले तेव्हा चाचा इथे नवे होते, रजा मिळाली नाही. परवाना नावावर करून घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून भावाने बंदूक ठाण्यात जमा केली. काही वर्षांनी चाचा गेले, अर्ज केला, हेलपाटे घातले. अखेर एका हवालदाराने खोलीतून बंदूक आणून टेबलावर ठेवली. घोडा गंजून जागीच बसला होता. चाचांनी ओढला, हवालदारानेही ओढून पाहिला.

"सापडली खरी," चाचा म्हणाले. "पण ती आता काठी होती. मी काठीसाठी गेलो नव्हतो." मग पुन्हा छत्री सुरू झाली.

अरबाब एका हिवाळ्यात झोपेतच गेले. बंदूक त्यांच्या एकुलत्या मुलीकडे आली. ती विद्यापीठात शिकवते, डॉक्टर आहे, दोन मुलांची आई. लहानपणी वडिलांबरोबर क्लबवर गेलेली, वीस बोअर चालवलेली, पुढे शिक्षणात ते मागे पडलं. तिने परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला, पण तात्पुरता. बंदूक बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावायची, ससाण्यांच्या कातडी टोप्या आणि गावा ओतायच्या पितळी दल्ल्यांच्या मध्ये, असं तिने ठरवलं होतं. घरात मुलं, म्हणून फायरिंग पिन काढून टाकायची. ती काढली की बंदूक शोभेची. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि चाचांनीही ते चुकीचं म्हटलं नाही.

त्याच सुमारास चाचांचा निवृत्तीचा कागद निघाला. व्हिसा नोकरीला जोडलेला, त्यामुळे उन्हाळ्यात सामान बांधून दापोली. बंदूक बरोबर नेता येणार नव्हती, मागताही येणार नव्हती. त्यांना ती नकोच होती. त्यांना एवढंच हवं होतं की ती वाजत राहावी, आणि त्यासाठी वाजवणारा कुणीतरी मागे राहायला हवा होता. कायद्याने तो एकच माणूस असू शकत होता.

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. एकदा येऊन बंदूक चालवून बघा, मग पिन काढा. डॉक्टर अगदी नीट बोलल्या आणि इन्शाल्ला म्हणाल्या. चाचांना या देशातला इन्शाल्ला कळत होता. एक होकाराचा असतो, एक नकाराचा. हा दुसरा होता. त्यांनी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच. क्लबच्या कारागिराने पिन काढायला वार ठरवल्याचं कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "गाडी काढ. घरी जाऊ."

"बोलावलंय का?"

"त्यांच्या दाराला बोलावणं लागत नाही. अरबाबांनीच सांगितलंय."

बैठकीच्या खोलीत आम्हाला बसवलं. भिंतीवर दोन खिळे आधीच ठोकलेले होते. डॉक्टर आल्या, ख्यालीखुशाली झाली, नोकराने गावा आणला, बिनदांड्यांच्या लहानशा पेल्यांत, वेलदोडा घातलेला. मी प्यायलो. चाचांनी पेला घेतला आणि तसाच समोर गालिच्यावर ठेवला. भरलेला.

गप्पा चालू राहिल्या. चाचांच्या गुडघ्याबद्दल, दापोलीच्या घराबद्दल, डॉक्टरांच्या मुलांच्या परीक्षांबद्दल. बंदुकीचं नाव कुणी काढलं नाही. पेल्यावरची वाफ गेली. नोकर दुसऱ्यांदा दल्ला घेऊन आला, चाचांचा पेला भरलेलाच पाहून तिथेच थबकला आणि डॉक्टरांकडे बघायला लागला. मला वाटलं, चाचांचं पोट बरं नसेल.

डॉक्टर त्या पेल्याकडे पाहत राहिल्या. मग हसल्या.

"चाचा, ये बाबा का तरीक़ा है. मुझ पर मत चलाओ."

इथल्या जुन्या लोकांत मागणं घेऊन आलेला पाहुणा पहिला पेला न पिता खाली ठेवतो. यजमान हो म्हणेपर्यंत त्याला तोंड लावत नाही. आणि पेला तसाच सोडून पाहुणा उठून गेला तर ती त्या घराची नाचक्की. हे मला परतताना चाचांनी सांगितलं. त्यावेळी ते डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "उन्हीं से सीखा है."

"बाबा होते तो हाँ बोल देते."

"वो हाँ बोल चुके. अब आप बोलो."

"एक बार," डॉक्टर म्हणाल्या. "एक शनिवार. उसके बाद मैं जो करूँ, आप कुछ नहीं बोलोगे."

चाचांनी थंड गावा एका घोटात संपवला आणि पुन्हा नको म्हणून पेला दोन बोटांत धरून हलवला.

तो शनिवार त्यांचा इथला शेवटचा होता. तिकीट पुढच्या बुधवारचं. चाचींनी घावन बांधून दिले होते आणि गाडीपाशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "त्यांना आज जास्त वेळ खेळू दे. तिकडं गावात काय खेळणार, लाटणं?"

डॉक्टर आमच्या आधी पोचल्या होत्या. त्यांच्या अंगात अबायावरून अरबाबांचं जॅकेट होतं. खांद्यावर ढगळ, खिसे तेच. अरबाबांची खुर्चीही त्यांनी गाडीतून आणली होती. ती नेहमीच्या जागी मांडून ठेवली, पण तिच्यावर कुणी बसलं नाही.

चाचांनी माझे खिसे तपासले. क्लबच्या मदतनिसाचे तपासले. मग डॉक्टरांसमोर आले आणि थांबले. हात अर्धवट पुढे झाला आणि मागे गेला. बाईमाणसाच्या खिशात हात घालायचा नव्हता आणि ते जॅकेट अरबाबांचं होतं. त्यांनी मान लववली आणि "यल्ला" म्हणाले.

पंपाची काडतुसं मोजकीच उरली होती, म्हणून चाचांनी ठरवलं की डॉक्टरांचा हात आधी क्लबच्या दोन नळ्यांच्या वीस बोअरवर मोकळा करायचा. ते दोन-दोन पिवळी काडतुसं त्यांच्या हातावर ठेवायचे, त्या ती खिशात टाकायच्या आणि मग काढून भरायच्या. लहानपणीची सवय हातात शिल्लक होती. तीन-चार खापऱ्या फुटल्या. त्या हसायला लागल्या, मागे वळून बोलायला लागल्या. वडील इथे कसे शिव्या घालायचे ते सांगत होत्या. बोलता बोलताच त्यांनी बंदूक उघडली, खिशात हात घातला, न बघता एक काडतूस खालच्या नळीत टाकलं, वाक्य पुरं केलं, खाली पाहिलं, नळी रिकामी दिसली. "अरे," म्हणून पुन्हा खिशात हात घातला, खालची भरली, वरची भरली, बंदूक मिटली आणि खांद्याला लावली.

"खलास!"

चाचांचा आवाज त्या मैदानात मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. मैदानावर 'खलास' म्हणजे थांबा; शेजारच्या मैदानातले लोकही थांबले.

"खोलो. उँगली बाहर. नीचे. खोलो."

डॉक्टरांनी बंदूक उघडली. चाचांनी दोन्ही पिवळी काडतुसं काढून घेतली, बंदूक उजेडाकडे धरली आणि खालच्या नळीतून पाहिलं. मग मला पाहायला दिलं. नळीतून आकाश दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

त्यांनी नळीच्या पुढच्या तोंडातून सफाईची लाकडी कांडी घालून हळूच दाबली. एक लाल काडतूस मागे सरकून त्यांच्या तळहातावर पडलं. अठ्ठावीस बोअरचं. अरबाब शेवटचे आले त्या सकाळचं, खिशात राहून गेलेलं.

"मी दोन दिली होती," ते मराठीतच म्हणाले, कुणालाही उद्देशून नाही. "तीन गेली."

डॉक्टरांना काय झालं ते अजून कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, चाप ओढला असता तर? चाचांनी काउंटरकडे बोट केलं. ती सोललेली नळी त्यांनी लहानपणापासून पाहिलेली होती. मग त्या म्हणाल्या, "जेब मेरी थी. ग़लती मेरी."

"क़ायदा मेरा था," चाचा म्हणाले. "मैंने आपकी जेब नहीं देखी. और दूसरा बोअर मैदान में मैं लाया."

त्यांनी आपलं जॅकेट काढलं, घडी घातली, बाकावर ठेवलं. मग जाऊन अरबाबांच्या खुर्चीवर बसले.

मी त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, चाचा, आजचा दिवस तरी सोडा, बुधवारी तुम्ही जाणार. पंप पेटीतून बाहेरसुद्धा आलेली नाही.

"नियम बुधवारी जाणाऱ्यांनाही असतो."

"निदान एक जोडी."

"तू गाडी चालव," ते म्हणाले. "ते तुला चांगलं जमतं."

डॉक्टर बाकापाशी उभ्या होत्या. बंद पेटी त्यांच्यासमोर होती. आता त्या पिन काढायला सांगून निघून गेल्या असत्या तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. जे घडलं ते बंदूक भिंतीवर लावण्याच्याच बाजूचं होतं. चाचांनाही ते कळत होतं. मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो गुडघ्यावर स्थिर होता.

"और ये?" डॉक्टरांनी पेटीकडे मान केली.

"आपकी है. चलानी है तो चलाइए. टाँगनी है तो टाँगिए. मैंने बोला था, कुछ नहीं बोलूँगा."

डॉक्टरांनी जॅकेटचा एकेक खिसा बाकावर रिकामा केला. आणखी दोन लाल काडतुसं निघाली, जपाची एक तस्बीह, खजुराच्या बिया, औषधाचं अर्धं पाकीट. तस्बीह त्यांनी हाताला गुंडाळली. पिवळी काडतुसं आणि वीस बोअर मदतनिसाबरोबर आत पाठवून दिली. मग पेटी उघडली.

नळीतून निघालेलं ते लाल काडतूस चाचांच्या मुठीतच होतं. त्या खुर्चीपाशी आल्या आणि हात पुढे केला. चाचांनी काडतूस उजेडात फिरवून पाहिलं, बुडाच्या पितळेवरून अंगठा फिरवला.

"चलेगा?"

"चलेगा. ये इसी घर का है," म्हणून चाचांनी ते डॉक्टरांच्या हातावर ठेवलं.

पहिली खापरी हुकली. दुसरी उडाली तेव्हा डॉक्टरांचा डावा हात अर्ध्यावरून परतला, काडतूस अडकलं, बंदूक मुकी झाली. त्यांनी मागे पाहिलं. चाचांनी खुर्ची सोडली नाही. बसल्या जागेवरून डावा हात हवेत धरला आणि पूर्ण मागे ओढून दाखवला.

पुढची जोडी उडाली. पहिली पुन्हा हुकली. मूठ मागे गेली, पार मागे, लाकूड थांबल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. पुढे आली. दुसरी खापरी बरीच लांब गेली होती, वाळूच्या रंगात मिसळायच्या बेताला. ती फुटली. धुरळ्याचा एक लहानसा ठिपका.

चाचांच्या तोंडून एक अरबी शिवी गेली. अरबाबांचीच. डॉक्टरांनी बंदूक खाली घेतली, मागे न वळता थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि हात मागे करून पुढचं काडतूस मागितलं.

उरलेली सगळी काडतुसं त्यांनी झाडली. चाचा एकेक हातावर ठेवत गेले. जितक्या फुटल्या त्याहून जास्त हुकल्या. काउंटरवर बंदूक परत करताना कारकुनाने कारागिराच्या वाराची आठवण करून दिली. डॉक्टर अरबीत एवढंच म्हणाल्या की कारागिराची गरज नाही, शनिवारचं मैदान लिहा, दर शनिवारचं, आणि अठ्ठावीसची काडतुसं मागवा.

गाडीकडे जायला आम्ही निघालो तेव्हा त्या मागून आल्या. चाचांसमोर उभ्या राहिल्या आणि जॅकेटचे चारही खिसे स्वतः बाहेर ओढले. पांढरी अस्तरं बाहेर लोंबत होती. चाचांनी एकेक पाहिलं. घाई केली नाही.

"अगले हफ़्ते कौन देखेगा?" चाचांनी विचारलं.

"मैं."

चाचांनी मान हलवली आणि गाडीत बसले. छत्री मागच्या सीटवर पडून होती.

"डावा हात घाई करतो तिचा," मुसाफ्फाचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते म्हणाले. "सुधारेल."